तळटीपेतली डॉक्टर

निरंजना,

तुझ्या शोकसभेत मी अगदी शेवटच्या रांगेत बसले होते. पुढे या म्हणून दोघीतिघींनी बोलावलं, मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. तुझ्या लॉ कॉलेजच्या त्या लांबलचक हॉलमध्ये पंखे घरघरत होते, माइक खरखरत होता, त्यामुळे निम्मी भाषणं मला ऐकूच आली नाहीत. जी ऐकू आली त्यांत तू फार थोर होतीस. तू तिथे असतीस तर दुसऱ्या भाषणालाच उठून कँटीनमध्ये गेली असतीस.

मग तुझी एक जुनी विद्यार्थिनी उभी राहिली. बारीक अंगाची, काळा कोट हातावर टाकलेली, कोर्टातून तशीच आली असावी. ती म्हणाली, निरंजना मॅडम दर वर्षी पहिल्या तासाला स्वतःचं पुस्तक वर्गात आणायच्या आणि त्यातली एक तळटीप वाचायला लावायच्या. बाकीचं पुस्तक परीक्षेपुरतं वाचलंत तरी चालेल, पण ही तळटीप नीट वाचा, कारण इथे मी नापास झालेय, असं सांगायच्या.

लोक हसले. मला हसू आलं नाही. कोणती तळटीप ते तिने सांगितलं नाही, पण ती माझ्याबद्दल आहे हे मला न वाचताच कळलं.

न वाचता, कारण तुझं पुस्तक मी कधी वाचलंच नव्हतं. ते तू मला दिलंस त्याला नऊ-दहा वर्षं झाली असतील. पंधरा दिवसांनी तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले होते, छान झालंय, जरा जड आहे. तू मान हलवलीस आणि वांग्यांच्या भावाचा विषय काढलास. मी सुटले असं मला वाटलं होतं.

आपली ओळख झाली तीही तशी धड झाली नाही. मी तेव्हा सरकारी नोकरीत होते, जयपूरजवळच्या चौमू गावाच्या पलीकडे एका लहानशा आरोग्य केंद्रात. ह्यांची बदली जयपूरच्या छावणीत झाली होती, मुलगा इथल्या शाळेत रुळला होता, आणि साताऱ्याकडची ही डॉक्टरीण रोज जीपने सीकर रोड तुडवत होती. तू एका सकाळी कापडी पिशवीत फाइल घालून आलीस. जात, गरिबी, आणि बाईला मूल व्हावं की होऊ नये हे ठरवण्याचा हक्क कोणाचा, असा तुझा संशोधनाचा विषय होता. तू तो हिंदीत समजावून सांगत होतीस आणि बाहेर रांग वाढत होती. मी स्वतःशीच पुटपुटले, 'काय कटकट आहे सकाळी सकाळी.'

तू फाइलमधून मान वर न करता मराठीत म्हणालीस, 'कटकट तर आहेच मॅडम, पण दहा मिनिटांचीच आहे.'

मी ओशाळले. चहा मागवला. नागपूरच्या तुम्ही, वा, असं काहीबाही बोलले आणि तुझं आडनाव विचारलं. तू सांगितलंस. थोड्या वेळाने मी पुन्हा विचारलं, जणू पहिल्यांदा नीट ऐकू आलं नव्हतं. तू कप खाली ठेवलास आणि शांतपणे म्हणालीस, 'दोनदा विचारलं तरी तेच आहे.' माझ्या आयुष्यात मला इतक्या थोडक्या शब्दांत कोणी पकडलं नव्हतं. पुढे आपण दोघी हे आठवून हसायचो. तू जरा जास्त हसायचीस.

मग तू कामाचं विचारलंस. नसबंदीच्या शिबिरात बायकांना काय सांगितलं जातं? मी म्हणाले, सगळं सांगितलं जातं. कोण सांगतं? नर्स सांगतात, मी सांगते. तू लिहून घेतलंस. मग फाइलमधून एक कागद काढलास आणि विचारलंस, 'सुगना नावाची बाई आठवते तुम्हाला?'

मी म्हणाले, 'एका दिवसात तीस-तीस बायका असतात. कशी आठवेल?'

तू तेही लिहून घेतलंस.

निरंजना, सुगना मला आठवत होती. तुला मी जे कधी सांगितलं नाही ते आता सांगते.

थंडीचे दिवस होते. शिबिरं थंडीतच व्हायची. गावातली शाळा मागून घ्यायची, बाकं बाहेर काढायची, सतरंज्या घालायच्या, आणि सकाळपासून जीप भरभरून बायका यायच्या. वरून टार्गेट आलेलं असायचं. सुगनाचा नंबर संध्याकाळकडे आला. बाविशीची असेल, ओढणीतून डोळे तेवढे दिसत होते. चार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा तिने बाहेर कोणाकडे तरी सोपवले होते. टेबलापाशी आल्यावर ती अडली. आत्ता नको, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायला लागली. नर्सबाई सकाळपासून उभी होती, दमली होती. तिने सुगनाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, 'डर क्यों रही है? बाद में चाहिए तो खुल जाती है।'

मी चार पावलांवर हात धूत होते. सुगनाने नर्सकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. हे खरं का, एवढंच तिला हवं होतं. मी मान खाली घातली आणि कोपरापर्यंत साबण चोळत राहिले.

अंधार पडत आला होता, बाहेर अजून बायका बसल्या होत्या, ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्यांच्यामागचं कारण वेगळं होतं. मला वाटलं, हिचं भलंच होतंय. दोन मुलं आहेत, अंगात रक्त नाही, तिसरं झालं तर ही जगायची नाही. नर्सबाई खोटं बोलली, पण भल्यासाठी बोलली. उद्या ही आपल्याला दुवाच देईल.

दीड वर्षाने तिचा मुलगा तापाने गेला. ती केंद्रावर आली आणि म्हणाली, माझी खोलून द्या. त्या दिवशी मी रजेवर होते. ते खोलायचं ऑपरेशन शहरातल्या मोठ्या दवाखान्यातसुद्धा फसतं, आणि तिथवर सुगना कशी पोचणार? कोणीतरी हसून तिला परत पाठवलं. मग तिने तक्रार केली. चौकशी लागली. फॉर्मवर तिचा अंगठा होता. नर्सबाईने सांगितलं, सगळं समजावलं होतं. मीही दोन ओळी लिहून दिल्या, सर्व महिलांना सर्व माहिती देण्यात आली होती. प्रकरण मिटलं. तू माझ्याकडे आलीस ती त्याच्यानंतर काही महिन्यांनी.

त्यानंतर तू परत आलीस ती फाइलशिवाय. एकदा थंडीत ताप घेऊन, एकदा नुसतीच. मग मी नोकरी सोडली, हे निवृत्त झाले, आम्ही प्रताप नगरात घर घेतलं, खाली माझा दवाखाना. तुझा फ्लॅट दोन गल्ल्या सोडून. कधी आपलं 'तुम्ही' गळून पडलं ते आठवत नाही, पण तू मला नावाने कधीच हाक मारली नाहीस. 'काय डॉक्टर, जेवली का?' असं दारातूनच यायचं.

संक्रांतीला आमच्या गच्चीवर मराठी बायका जमायच्या, तिळगूळ द्यायला. बहुतेक छावणीतल्या. अख्खं जयपूर गच्च्यांवर पतंग उडवत असायचं आणि आम्ही मध्ये वाणाच्या वाट्या मोजत बसायचो. पहिल्या वर्षी एकीने तुला विचारलं, मिस्टर काय करतात? तू तिळाचा लाडू चावत म्हणालीस, 'अजून सापडले नाहीत.' मग तू शेजारच्या मुलांकडून मांजा मागून घेतलास. तुला पतंग अजिबात यायचा नाही. तुझाच पतंग कापला गेला की तूच सगळ्यांत मोठ्याने 'वो काटा' ओरडायचीस. बायका लांबून बघायच्या. त्यांतल्या दोघी पुढच्या वर्षी आल्या नाहीत. मी तुला कारण सांगितलं नाही. तू विचारलं नाहीस, फक्त त्या वर्षी लाडू जास्त खाल्लेस.

भांडायचो मात्र आपण मनापासून. तुझं म्हणणं एकच असायचं, निरनिराळ्या कपड्यांत. सुगनासारखीच्या दारात सरकार तिचं मूल थांबवायला जीप घेऊन येतं, आणि माझ्या प्रताप नगरच्या दवाखान्यात मूल व्हावं म्हणून बायका सुया टोचून घेतात, त्यांना कोणी पुरे म्हणत नाही. 'हात तुझेच दोन्हीकडे,' तू म्हणायचीस, 'कोणाचं मूल व्हायला पाहिजे आणि कोणाचं नको, हे ठरवून कोण राहिलं?'

मला राग यायचा. तू कागद पाहिलेस, मी रक्त पाहिलंय, असं मी म्हणायचे. एकदा मी तुला त्या बाईची गोष्ट सांगितली जी सहाव्या बाळंतपणात जीपमध्ये माझ्या मांडीवर गेली. तुझ्या सगळ्या हक्कांनी तिला काय दिलं, असं मी तावातावाने विचारलं. तू तुझी खुर्ची माझ्याजवळ ओढलीस. मग हळूच म्हणालीस, 'ती कधी ऑपरेशन मागायला आली होती का?'

आली होती. पाचव्या वेळी आली होती, एकटी. मी तिला परत पाठवलं होतं, कारण नवऱ्याची सही नव्हती.

मी हे तुला सांगितलं, आणि तू जिंकल्यासारखं काही बोलली नाहीस. उठून माझ्यासाठी पाणी आणलंस. त्या दिवशी तुझ्या आईबद्दल पहिल्यांदा बोललीस. ती नागपुरात सरकारी दवाखान्यात आया होती, बाळंतिणींच्या वॉर्डात. संध्याकाळी घरी आली की सांगायची, आज खाट कोणाला मिळाली, खाली कोण झोपलं, डॉक्टर कोणाशी काय बोलले आणि कोणाशी काहीच बोलले नाहीत. तू म्हणालीस, कायदा मी नंतर शिकले, त्याच्याआधी हे शिकले.

आणि ती नाशिकची मुलगी. तुला आठवत असणारच. आयटीत नोकरी करणारी, सव्वीस वर्षांची, लग्न झालेलं नाही, दिवस गेलेले, गर्भपातासाठी आलेली. मराठी डॉक्टर मिळाली म्हणून तिचा चेहरा केवढा उजळला होता. मला काकू म्हणाली. आणि काकूंनी तिला विचारलं, बरोबर कोण आहे? आईवडिलांना माहीत आहे का? कोणालातरी घेऊन ये, मग बघू. संध्याकाळी मी तुझ्यापाशी कुरकुरत बसले, आजकालच्या मुली वगैरे. तू कप खाली ठेवलास.

'ती सज्ञान आहे ना?'

'आहे.'

'मग तुला तिसरं माणूस कशाला पाहिजे?'

'उद्या काही झालं तर माझ्यावर यायला नको.'

'डॉक्टर, जे होणार आहे ते तिला होणार आहे.'

कायद्यात तिच्या एकटीची सही पुरते, हे तू मला माझ्याच स्वयंपाकघरात बसून वाचून दाखवलंस. मी वीस-पंचवीस वर्षं डॉक्टरकी केली होती आणि मला ते माहीत नव्हतं. खरं म्हणजे माहीत करून घ्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिला फोन करून बोलावलं. तू बाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी बसलीस आणि तिच्याशी कशाबद्दल बोललीस, तर जयपूरला चांगली मिसळ कुठेच मिळत नाही याबद्दल. ती मुलगी आत आली तेव्हा हसत होती. तिच्या दिवाळीच्या शुभेच्छा अजून येतात. माझ्या फॉर्मवरची नवऱ्याच्या किंवा पालकाच्या सहीची ओळ त्या आठवड्यात गेली.

त्याच संध्याकाळी मी तुला सगळं सांगणार होते. तू सिंकपाशी कप विसळत होतीस. मी म्हणाले, 'सुगनाचं...' आणि थांबले. तू नळ बंद केलास. मागे वळली नाहीस, पण तुझे हात थांबले होते. किती वेळ दिलास तू मला. आणि मी वाक्य पुरं केलं, 'सुगनाचं काय चाललंय हल्ली?'

तू नळ पुन्हा सोडलास. ते लोक विश्वकर्मात, कारखान्यांच्या वसाहतीत, राहायला आले, म्हणालीस. नवरा पाइपच्या कारखान्यात आहे, ती नट-बोल्टच्या पॅकिंगला जाते. सासू बरोबर असते. मुलीचं लग्न ठरतंय. एवढं सांगून तू गेलीस. आता वाटतं, तू मला पत्ताच देऊन गेलीस.

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. नर्सिंगच्या मुलींसमोर तुझं व्याख्यान होतं, बाईची संमती घ्यायची म्हणजे काय करायचं, यावर. तुला मी बरोबर हवी होते. 'शिबिरांचं तू सांग,' तू म्हणालीस, 'मी सांगितलं तर पुस्तकातलं वाटते त्यांना.' मी म्हणाले, गुडघा फार दुखतोय गं, जिने चढवत नाहीत.

'बरं,' तू म्हणालीस. 'गुडघा बरा झाला की सांग.'

चार दिवसांनी सकाळी तुझ्या शेजारणीचा फोन आला. मी जिने धावत चढले, निरंजना. दोन मजले. तुझ्या हाताची नाडी शोधत बसले, जरी दारातूनच मला कळलं होतं. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पट्टी उशाशी होती, अर्धीअधिक भरलेली. तुला त्या रोज घ्यायच्या असतात हे मी किती वेळा सांगितलं होतं. या एका बाबतीत मी तुला खरंच सगळी माहिती दिली होती.

शोकसभेहून आल्यावर मी पुस्तक काढलं. दोन दिवस लागले. सुगनाचं प्रकरण मधोमध आहे. तिच्या तोंडून सगळं आलंय, शाळा, सतरंजी, नर्सबाईचं ते वाक्य. आणि मग सुगना म्हणते की डॉक्टरीण तिथेच होती, तिने ऐकलं आणि ती गप्प बसली. खाली तुझी तळटीप. तू लिहिलंयस की या डॉक्टरांना तू एकदा विचारलंस, त्यांनी आठवत नाही असं उत्तर दिलं. नंतर त्या तुझ्या जवळच्या मैत्रीण झाल्या आणि तुला पुन्हा विचारणं जमलं नाही. हा या अभ्यासातला दोष आहे, आणि वाचकाने तो लक्षात ठेवूनच पुढे वाचावं.

माझं नाव नाही. गावाचं नाही. असायला हवं होतं का, मला सांगता येत नाही.

पहिल्यांदा मला रडू आलं, ते तुझ्यासाठी नव्हतं. मग राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. तू सगळ्यांना धारेवर धरायचीस. कुलगुरूंना सोडलं नाहीस, कलेक्टरला सोडलं नाहीस. मलाच का सोडलंस? इतकी वर्षं माझ्याकडचा चहा प्यायलीस, सुगनाचं म्हणणं फाइलमध्ये होतं, आणि तू माझ्या तोंडाकडे पाहत वाट बघत बसलीस. एकदा, एकदाच दरडावून विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. कदाचित. तू मला जपलंस आणि त्याची किंमत सुगनाने दिली. हे तुला कळत होतं, म्हणून तर दर वर्षी पोरांपुढे स्वतःला नापास करत होतीस. पण मला जपणारं त्याआधी कोणी इतकं जवळ आलं नव्हतं, हेही खरं आहे. या दोन्ही गोष्टी मी आता एकत्र कशा ठेवू, ते तू असतीस तर तुलाच विचारलं असतं.

तुझ्या त्या काळ्या कोटवाल्या विद्यार्थिनीला मी शोधून काढलं. तिच्या टेबलासमोर बसून सगळं सांगितलं, प्रतिज्ञापत्र लिहून देते म्हणाले. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली की मुदत केव्हाच उलटून गेलीय, तरी काही करता येतं का ते ती बघेल. पण त्याआधी तिने मला विचारलं, 'मॅम, सुगनाजी को ये चाहिए क्या? उनसे पूछा आपने?'

तिथे मला तू दिसलीस. पक्की तुझीच शिष्या.

मग रविवारी गेले. हे येतो म्हणाले, मी नको म्हटलं. विश्वकर्मात रविवारी निम्मे कारखाने बंद असतात, तरी हवेत लोखंडाचा वास असतोच. कारखान्यांच्या मागे खोल्यांची ओळ आहे, विचारत विचारत पोचले. दारात एक बाई लसूण सोलत बसली होती. केस पांढरे व्हायला लागलेले, ओढणी मागे सरकलेली. मी काही बोलायच्या आत तिने मला ओळखलं. ती उठली नाही.

'मैडम ने कहा था आप आएँगी,' ती म्हणाली. 'मैंने कहा था, नहीं आएँगी।'

तू वर्षातून दोनदा तिच्याकडे जात होतीस हे मला तिथे कळलं. तुझ्या जाण्याचं तिला आधीच समजलं होतं. मी उभ्याउभ्या माझं बोलून टाकलं. त्या दिवशी मी ऐकलं होतं. ते खोटं आहे हे मला माहीत होतं. मी बोलायला हवं होतं, बोलले नाही. नंतर विचारलं तेव्हा खोटं लिहून दिलं. माफी मागायचे शब्द मी गाडीत जुळवून ठेवले होते, ते आठवले नाहीत, आणि तिने त्यांची वाटही पाहिली नाही. ती लसूण सोलत ऐकत होती. मग मी कोर्टाचं सांगितलं, तुझ्या विद्यार्थिनीचं सांगितलं, आणि विचारलं की तिला काय हवंय.

तिने हातातली पाकळी वाटीत टाकली. कोर्टाचं नंतर बघू, म्हणाली. मुलगा गेला त्यात सुगनाचा काय दोष, असं तू तिला म्हणायचीस, पण घरात ते कोण मानणार? वीस वर्षं सासू गावभर सांगत आलीय की हिने स्वतःच्या हौसेने, सुखाने राहायला म्हणून, समजून-उमजून बांधून घेतलं आणि आमचा वंश बुडवला. नवरा काही बोलत नाही, पण त्यालाही तसंच वाटतं. नर्सबाईने फसवलं हे ती सांगत आली, पण डॉक्टरनीने लिहून दिलं होतं ना की सगळं समजावलं होतं. मग हिचं कोण ऐकणार?

ती उठली, मला आत घेऊन गेली. खाटेवर तिची सासू बसली होती, वाळून गेलेली म्हातारी. कोपऱ्यात नवरा मोबाइल बघत होता, सुगनाने त्याला तो बाजूला ठेवायला सांगितला. मला तिने म्हातारीच्या समोर स्टुलावर बसवलं.

'इनको बताओ,' ती म्हणाली.

मी सांगायला लागले. म्हातारी माझ्या ओठांकडे बघत राहिली आणि मग सुगनाकडे.

'ज़ोर से,' सुगना म्हणाली. 'ये ऊँचा सुनती हैं।'

मी आवाज चढवला. या मुलीला सांगितलं गेलं की पुन्हा खुलतं, तिला फसवलं, मी तिथे होते, मी ऐकलं, मी गप्प बसले, कागदावर मी खोटं लिहिलं. म्हातारीने कानामागे हात धरला आणि म्हणाली, 'फेर बोल.' मी पुन्हा सांगितलं. नवऱ्याने मान खाली घातली होती. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज गल्लीत गेला असावा, कारण समोरच्या खोलीतल्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. सुगनाने त्यांच्यासाठी जागा केली.

'आओ, अंदर आ जाओ,' ती त्यांना म्हणाली. 'डॉक्टरनी जी कुछ बता रही हैं।'

त्या आत येऊन खाली बसल्या. मग मी, निरंजना, पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.